३१ डिसेंबरपर्यंत लाडकी

२०२५ सरताना आमच्या गल्लीत भेटल्याबरोबर दोन प्रश्न विचारायचे. "हप्ता पडला का?" हा पहिला आणि "केवायसी झाली का?" हा दुसरा. चहापाणी, पोराबाळांची खुशाली वगैरे त्यानंतर, वेळ उरला तर. आणि हे प्रश्न विचारायची आमची हक्काची जागा म्हणजे माझ्या आणि शेजारच्या आक्कांच्या परड्यांमधलं तारेचं कुंपण. त्यावर आक्कांनी पावट्याचा वेल चढवलाय. वेल त्यांचा, पण शेंगा कुठल्याच नियमाला न जुमानता दोन्ही बाजूंना लागतात. त्यामुळे मार्गशीर्षातल्या थंडीत सकाळी सातला त्या तिकडून आणि मी इकडून शेंगा तोडत असतो. आठ वाजता आक्का स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापायला जातात. म्हणजे तासभर गल्लीचं कामकाज चालतं.

एकदा आक्कांनी तिसराच प्रश्न काढला.

"बाई, मी लाडकी किती दिस हाय वो अजून?"

मी म्हटलं, "असं का विचारताय?"

त्यांनी कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून तारेवरून माझ्या हातात दिलं. कार्ड प्लॅस्टिकमधलं, पण एक कोपरा चुलीजवळ राहून वितळलेला, फोटोतल्या आक्का दचकून कुणाकडे तरी बघताहेत. जन्मतारीख १ जानेवारी १९६१.

"अंगणवाडीतली मॅडम म्हनली, पासष्ट पुरं झालं की बहीण बंद."

मॅडमचं बरोबर होतं. २०२४ च्या जूनअखेरीला बायकांना महिना दीड हजार देणारी ‘माझी लाडकी बहीण’ योजना निघाली तेव्हा वयाची वरची हद्द ६० होती, ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत ती ६५ केली. त्यापुढे बहीण लाडकी राहत नाही, नुसती बहीण राहते. आता गंमत बघा. केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची मुदत होती १८ नोव्हेंबर २०२५, ती वाढवून सरकारनं केली ३१ डिसेंबर. आणि आक्कांची पासष्टी भरते १ जानेवारीला. म्हणजे बाईनं ३१ डिसेंबरपर्यंत धावपळ करून आपण लाडक्या असल्याचं सिद्ध करायचं आणि दुसऱ्या दिवशी उठून ते संपल्याचं ऐकायचं.

"मंग करू का नको?"

"करा. नाहीतर आधीचेही अडकतील."

"आन ती तारीख तरी कुटं खरी हाय? पानशेत फुटलं तवा माझी आई पाच म्हयन्याची गरवार हुती."

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. आमच्या पिढीतल्या कित्येकांचा पंचांगाशी एवढाच संबंध. कुणी पानशेताआधीचं, कुणी कोयनेच्या भूकंपातलं, कुणी बहात्तरच्या दुष्काळातलं. आधार काढायला गेल्यावर पोरानं विचारलं असणार, साल? एकसष्ट. महिना? ठाऊक नाही. मग संगणकानं १ जानेवारी टाकून दिली. निम्म्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी, आणि शाळेत गेलेल्या उरलेल्या निम्म्याचा १ जूनला, ती गुरुजींची कृपा. हिशेब केला तर सरकारदरबारी आक्का आईला दिवस जाण्याआधीच जन्मल्यात. आणि या घाईपायी त्यांचे नऊ-दहा हप्ते जाणार. तारीख दुरुस्त करायची तर जन्माचा पुरावा पाहिजे. आक्कांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पानशेतचं धरण काही दाखला देत नाही.

केवायसीची कथा त्याहून वेगळी. सप्टेंबरात पोर्टल सुरू झालं तेव्हा ते बाईच्या आधारानंतर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागत होतं, आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवत होतं. आक्कांचे मालक जाऊन पंधरा वर्षं झाली, वडील त्याच्याही आधी. सेतू केंद्रातल्या पोरानं मान वर न करता विचारलं, "मालकांचा नंबर सांगा."

"मी म्हनलं, वर रेंज हाय का बघ आधी."

पुढे राज्यभर बोंब झाली तेव्हा विधवांसाठी मृत्यूचा दाखला जोडायची सोय निघाली. निघाली हे चांगलंच. पण योजना बायकांची, त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, निराधार ही नावं पहिल्या दिवसापासून शासन निर्णयात लिहिलेली, आणि पोर्टल बनवणाऱ्याला मात्र वाटलं, की प्रत्येक बाईच्या शेजारी एक बाप्या फोन घेऊन उभा असतो.

तरी आक्कांच्या बाबतीत पैसे निदान त्यांच्याच खात्यात येत होते. खालच्या आळीच्या नानींचे कुठे गेले हे दोन महिने कुणाला कळेना. बँकेत पासबुक भरून आणलं की कोरं. शेवटी कळलं, की बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसलेल्या कुणा पोरानं पूर्वी अंगठा घेऊन त्यांचं एक खातं काढून दिलं होतं, छत्री फुकट म्हणून. पैसे जातात ते आधारला जोडलेल्या खात्यात, अर्जावर लिहिलेल्या नव्हे. नानींकडे छत्री होती, खातं आहे हे माहीत नव्हतं. तुमच्या घरात कुणाचं असं अडकलं असेल तर बँकेत जाऊन आधी एवढंच विचारा, की माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या खात्याला जोडलंय. बाकीचे हेलपाटे नंतर.

बोलता बोलता आक्कांचा आवाज खाली आला. कुंपणावर आवाज खाली आला की समजायचं, आता बंगल्याचा विषय.

"त्यांचं चालूच हाय म्हनं."

"कुणाचं?"

"बंगलेवाल्या वैनींचं. दारात गाडी हाय, आन हप्ता पडतो."

हा आमच्या गल्लीतला जुना खटला. चारचाकी असेल तर योजना मिळत नाही, ट्रॅक्टर सोडून. पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. गाडी आहे सासऱ्यांच्या नावावर. सासरे एकाच बंगल्यात खालच्या मजल्यावर राहतात, पण व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे वैनींनी कुठलाच नियम मोडलेला नाही. त्यांनी फक्त नियम नीट वाचलाय, आणि ते आपल्याकडे शिकल्या-सवरल्याचं लक्षण समजतात. राज्यात तर २ हजारांवर सरकारी नोकरीतल्या बायका या यादीत सापडल्या आणि २०२५ च्या जुलैत १४ हजारांवर पुरुषही बहिणी निघाले. त्या मानानं आमच्या वैनी सज्जन.

एवढ्यात दुधाची किटली घेऊन आण्णा आले. आण्णा म्हणजे निवृत्त तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आण्णा तलाठी म्हणूनच निवृत्त झाल्यामुळे त्यांच्याकडे रुबाब कमी आणि माहिती जास्त. ते कुंपणाशी थांबले नाहीत असा दिवस मला आठवत नाही.

"आण्णा, आक्कांची बहीण बंद होतेय जानेवारीत. पुढं काय?"

"पुढं श्रावणबाळ," आण्णा म्हणाले. "पासष्टच्या वर श्रावणबाळ, पासष्टच्या आत संजय गांधी निराधार. दोन्हीचे दीड हजारच. फॉर्म एकच, तहसीलला संजय गांधी शाखा असते तिथं."

"म्हंजी पैकं तेवढंच?" आक्कांचा चेहरा उजळला.

"तेवढंच. वयाचा दाखला, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला. उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत."

मी शेंगा तोडायची थांबले. "आणि लाडक्या बहिणीला किती होतं?"

"अडीच लाख."

आता हे जरा नीट बघा, मलाही ते पहिल्या झटक्यात पचलं नाही. रक्कम दोन्हीकडे दीड हजार. देणारं सरकार एक. बाई एक. तिनं ३१ डिसेंबरला अडीच लाखांच्या आत असलं तरी चालतं, केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. आणि १ जानेवारीला, म्हणजे एका रात्रीत म्हातारी झाल्यावर, तिनं २१ हजारांच्या आत असायचं. कमरेत जोर असताना तिला बारापट कमवायची मुभा आणि कंबर गेल्यावर गरिबीची परीक्षा कडक. याच्या उलट असतं तर मी समजू शकले असते.

आक्कांना खानावळीत सकाळच्या पाळीचे २०० रुपये रोज मिळतात. महिन्यातून पंचवीसेक दिवस काम. "बोटांवर मोजा," मी म्हटलं, पण मोजलं मीच. २१ हजाराला १०५ दिवस पुरतात. एक एप्रिलपासून धरलं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आक्का मर्यादा ओलांडतात. स्वातंत्र्यदिनाच्या आतच गरिबीतून स्वतंत्र. दिवसावर काढलं तर २१ हजार म्हणजे साडेसत्तावन्न रुपये, आण्णांच्या किटलीतलं लिटरभर म्हशीचं दूध त्यात येत नाही.

आण्णा हसले. "आणि गंमत सांगू? रोजगार हमीवर गेल्या तरी बसत नाहीत. यंदाचा दर ३१२ रुपये. अडुसष्टाव्या दिवशी २१ हजार पार. आणि हमी आहे शंभर दिवसांची."

ही महाराष्ट्रात जन्मलेली योजना. वि. स. पागे यांनी ती उभी केली, पुढे देशानं उचलली. २०२५ साली ती म्हणत होती, शंभर दिवस काम घे, ३१ हजार २०० मिळव. आणि शेजारच्या टेबलावरची योजना म्हणत होती, तेवढं मिळवलंस म्हणजे तू निराधार नाहीस. दोन्ही फायली बहुधा एकाच कचेरीत असतील, पण एकमेकींच्या तोंडाकडे बघत नसाव्यात.

मला चेव चढला होता. "आण्णा, रेशनच्या धान्याला किती?"

"प्राधान्य कुटुंबाला ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार."

"आणि ते आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण?"

"८ लाख."

"आणि यंदापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही."

आक्का दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आट लाखवाला दुर्बळ, आन मी साट हजारात सबळ व्हय?"

आण्णांनी किटली खाली ठेवली. उत्तर नव्हतंच, पण उभं राहून न देण्यापेक्षा बसून न देणं त्यांना बरं वाटलं असावं.

आक्कांचं हे पहिलं नाही. मालक गेले तेव्हा त्यांनी निराधारचा अर्ज केला होता. ही योजना अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली सुरू झाली, विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रोगी, अनाथ मुलं अशा सगळ्यांसाठी. गावात त्याला निराधारचा पगार म्हणतात, "तिचा पगार चालू झाला" असं. आक्कांचा झाला नाही. मुलगा पंचविशीचा झालाय, कमावता आहे, असं सांगून अर्ज परत आला. मुलगा तेव्हा कुणाच्या तरी ट्रकवर क्लीनर होता. त्याआधी दारिद्र्यरेषेच्या यादीतही नाव लागलं नव्हतं. ती २००२ सालची यादी अजूनही पुष्कळ ठिकाणी डोकं वर काढते. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्यापासून चार गुण, जास्तीत जास्त ५२, आणि जितके गुण कमी तितके तुम्ही गरीब. जमीन किती, घर कसलं, अंगावर घालायला कपडे किती, दिवसातून किती वेळा जेवता. आयुष्यभर पोरांना गुण देण्यात गेलं माझं, पण नापास होण्यासाठी धडपडणारी परीक्षा मी तीच पाहिली.

"तवा मला इच्यारलं, लुगडी किती," आक्का म्हणाल्या. "मी म्हनलं, पाच. खरं तर तीनच हुती. दोन मागून आनलेली. पर लोकांम्होरं तीन कसं सांगायचं?"

गेले गुण. अब्रू राखली आणि यादीतून नाव गेलं. गरिबीचा सरकारी दाखला मिळवायचा तर आधी चारचौघांत गरिबी कबूल करावी लागते, आणि ज्यांना ते कबूल करायची लाज वाटते ते नेमके खरे गरजू असतात. बंगलेवाल्यांना कसली लाज? त्यांना नुसता फॉर्म भरायचा असतो.

म्हणूनच २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचं आलं तेव्हा आक्का हरखल्या होत्या. हमीपत्रावर टिकल्या मी मारल्या, अंगठ्याऐवजी सही त्यांनी केली, साक्षरता वर्गात शिकलेली, चार अक्षरांची. राखी पौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३ हजार पडले. त्यात त्यांनी स्वयंपाकघरावरचे दोन फुटके पत्रे बदलले. निवडणुकीचं राजकारण होतं की नव्हतं यावर तुम्ही पेपरात वाद घाला, तो घालायलाच हवा. आमच्याकडे त्या पावसाळ्यात आक्कांच्या चुलीवर पाणी गळायचं थांबलं.

"बरं, मग आता उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा?" मी मुद्द्यावर आले.

आण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. निवृत्त माणूससुद्धा हे वाक्य बोलण्याआधी इकडेतिकडे बघतो. "सेतूतून अर्ज करायचा, सोबत स्वयंघोषणापत्र. तलाठी चौकशी करून अहवाल देतो, त्यावर तहसीलदारांचा दाखला निघतो. ३१ मार्चला त्याची मुदत संपते. आणि प्रतिज्ञापत्राला मुद्रांक घ्या असं बाहेरचा कुणी म्हणाला तर घेऊ नका, या दाखल्यांना तो माफ आहे."

"ते झालं. आकडा?"

"आकडा..." आण्णा पावट्याची एक शेंग हातात घेऊन सोलायला लागले. "बाई, मी नोकरीत असताना शेकडो म्हाताऱ्यांचे अहवाल लिहिले. कुणाचे १८ हजार, कुणाचे २०. समोर दिसायचं, ही खुरपायला जाते, पोरगा महिन्याला काहीतरी देतो, चार शेरडं आहेत. खरं लिहिलं असतं तर गावात एकही निराधार उरली नसती. मर्यादा २१ हजार केली तेव्हा अनुदान ६०० होतं. पुढं ते हजार झालं, २०२३ ला दीड हजार झालं. अडीचपट वाढलं. मर्यादा आहे तिथंच आहे. वर्षाचं नुसतं अनुदानच १८ हजार होतं आता. उरलेल्या ३ हजारात म्हातारीनं वर्ष काढायचं?"

"घोषणापत्रावर लिवलेलं असतं ना, खोटं लिवलं तर कलम लागतंय म्हनून?" आक्कांना हे कुठून कळलं कोण जाणे.

"लागतंय."

"आन खरं लिवलं तर?"

"तर अर्ज नामंजूर."

मी नोकरीभर पोरांना खरं बोलायला शिकवलं, तरी इथं मला आण्णांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. जी मर्यादा पाळायची तर माणूस जगू शकत नाही, ती पाळली जाणार नाही हे ठरवणाऱ्यालाही माहीत असतं. मग ती ठेवायची कशाला? तर अर्ज मंजूर होणं हा हक्क न राहता कुणाची तरी मेहेरबानी व्हावी म्हणून. तलाठ्यानं डोळेझाक केली, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीतल्या कुणी नाव पुढं सरकवलं, की म्हातारी जन्मभर त्यांच्या पाया पडते, आणि मतदानाच्या दिवशी तर नक्कीच. शिवाय खोटा आकडा एकदा कागदावर गेला, की कुणालाही केव्हाही तिचा पगार थांबवता येतो. मला पेन्शन आहे. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत असल्याची सही करून येते. त्यापलीकडे मला कुणी विचारत नाही, की बाई, तुमच्या घरात कोण किती कमावतं, लुगडी किती, जेवता किती वेळा. आणि आक्कांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं काम केलंय.

आता खरी अडचण आण्णांनी शेवटी काढली. मुरलेला तलाठी मोठा मुद्दा निघताना काढतो.

"रेशनकार्ड कुणाबरोबर आहे?"

"पोराबरूबर. एकच हाय."

"मग मुलाचं उत्पन्न धरणार. तो काय करतो आता?"

"चाकणला हाय कंपनीत. कंत्राटी."

"पगार?"

"चवदा म्हंतो. मला इच्यारलं की धा म्हंतो."

"कार्ड वेगळं करून घ्या. तुमचं एकटीचं."

हे सगळीकडे चालतं. आई आणि मुलगा कागदोपत्री विभक्त होतात, म्हणजे आईला दीड हजार मिळतात. यात सरकारचं काय साधतं ते मला कळत नाही, पण घराघरांत काय होतं ते कळतं. आक्कांनी आदल्या रात्री फोनवर मुलाला नुसतं विचारलं होतं, कार्ड येगळं करायचं का म्हणून. तर सुनेनं फोन घेतला. "आत्याबाई, आम्ही काय कमी केलं तुम्हाला, की वेगळं काढताय?" आणि रडारड. वर्षातून दोनदा येणारी सून, आणि महिन्याला कधी पाचशे, कधी तेही नाही. पण कार्डावरून नाव निघणार म्हटल्यावर तिला वाटलं आपल्याला घरातून काढलं.

"तिलाबी काय बोलनार," आक्का म्हणाल्या. "तिचं मायेर लांब. तिला वाटतंय घर जाईल."

"आणि कार्ड वेगळं झालं तरी धान्य लगेच सुरू होईल असं नाही," आण्णांनी अजून एक खडा टाकला. "इष्टांक शिल्लक असायला पाहिजे. नाहीतर केशरी कार्ड हातात आणि धान्य नाही."

इष्टांक म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेला कोटा. तो भरला की नवा गरीब घेत नाहीत, जुना मरायची किंवा निघायची वाट बघतात. सध्या कार्डावर माणशी ५ किलो फुकट मिळतं. मुलगा-सून चाकणला असले तरी आक्कांच्या ५ किलोंची खात्री आहे. तेही अंगठा उठला तर. भाकरी थापून थापून आक्कांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, रेशन दुकानातलं पॉस मशीन त्यांना ओळखतच नाही. दुकानदार तेल लाव म्हणतो, पुसून लाव म्हणतो, दुसरं बोट दे म्हणतो.

"मुलानं सांभाळलं नाही तर प्रांताकडे अर्ज करता येतो," मी सहज म्हणून गेले. "म्हाताऱ्या आईबापांसाठी २००७ चा कायदा आहे. महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी लावतात."

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पटकन शेंगांत डोकं घातलं.

"चवदा हजारातलं धा मला? मंग त्यानं काय खायाचं?" आणि जरा थांबून, "पोरावर केस करती म्हनून सगळी आळी थुकल माझ्यावर."

आठ वाजायला आले होते. आण्णांनी किटली उचलली आणि कामाचं सांगून टाकलं. केवायसी या आठवड्यात उरकायची, मृत्यूच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स अंगणवाडीत द्यायच्या. कार्ड वेगळं करायचा अर्ज पुरवठा शाखेत आताच टाकायचा, म्हणजे जानेवारीपर्यंत काहीतरी हलेल. सुनेशी बाईंनी बोलायचं, बाई म्हणजे मी, कारण शिक्षकाचं ऐकतात अशी आण्णांची अजून समजूत आहे. श्रावणबाळचा अर्ज १ जानेवारीनंतर लगेच, आणि बहीण सुटल्याचा पुरावा हाताशी ठेवायचा, दोन्हीकडे नाव दिसलं तर दोन्ही अडकतात. २०२५ च्या फेब्रुवारीत लाडकीच्या यादीतून जी ५ लाख नावं कापली, त्यात २ लाख ३० हजार निराधारच्याच बायका होत्या.

"आन उत्पन्न किती लिवायचं म्हनता शेवटी?" आक्का चप्पल घालता घालता म्हणाल्या. "ईस का एकवीस?"

"एकवीसपर्यंत चालतं."

"मंग ईसच लिवा. हजाराची जागा ऱ्हाऊ द्या. खानावळवाला म्हनलाय, लग्नसराईत पाच दिस जादा काम हाय."

आणि त्या भरभर स्टँडकडे गेल्या, कारण आठनंतर पोचलं की खानावळवाला रोजातले वीस कापतो.